जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीला थोडाफार वास यायचाच, असं म्हणतात. ते खरं आहे का?

अर्धं खरं आहे. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गाड्यांमध्ये फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठणारी छोटी वाटी, हवेला उघडा असतो आणि कित्येक जुन्या टाक्यांची वाफ थेट बाहेर सोडलेली असते. त्यामुळे गरम इंजिन बंद केल्यावर बॉनेटजवळ पाचदहा मिनिटं हलका वास येणं नवल नाही. पण गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी गॅरेज घमघमत असेल, केबिनमध्ये बसल्यावर डोकं जड होत असेल किंवा कपड्यांना वास राहत असेल, तर कुठेतरी पेट्रोल बाहेर येतंय हे नक्की. डोळ्यांना ओल दिसली तर प्रश्नच मिटला: ती जागा दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नये.

शोध सुरू करण्याआधी काय काळजी घ्यायची?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. हवेत तिचं प्रमाण जेमतेम १.४ टक्के झालं की ठिणगी पुरते, आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ देतं. म्हणजे थंड हवामानाचा इथे काही आधार नाही.

काम उघड्यावर करा. ते शक्य नसेल तर गॅरेजची दारं सताड उघडी ठेवा, पण सर्व्हिस पिटमध्ये उतरू नका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सुरुवातीलाच काढा; पेट्रोल ठिबकायला लागल्यावर ती काढायला गेलात तर तिथेच ठिणगी पडते. उजेडासाठी एलईडी टॉर्च वापरा. तारेचा बल्ब लावलेला हँडलॅम्प हातातून पडून फुटला की त्याची तापलेली तार आग लावायला पुरेशी असते. त्याच खोलीत ज्योत जळणारा गॅस गीझर, हीटर किंवा फ्रिज असेल तर तो आधी बंद. ड्राय पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर जळतं पेट्रोल पसरतं.

पेट्रोल काढायचं असेल तर इंधनासाठीच बनवलेल्या डब्यात काढा आणि डबा जमिनीवर ठेवून भरा.

सुरुवात कुठून करायची? सगळ्या नळ्या एकदम बदलून टाकू का?

नळ्या जुन्या असतील तर त्या बदलाव्या लागतीलच. पण काय गळत होतं ते कळण्याआधी सगळं बदललं की नवीन जोडांमधून नवी गळती सुरू होते आणि जुनी कुठे होती ते समजतच नाही. आधी वास कधी येतो ते पाहा. जागेपेक्षा वेळ जास्त बोलते. चारपाच दिवस एका कागदावर नोंद ठेवा: टाकीत पेट्रोल किती होतं, इंजिन गरम की थंड, गाडी उभी की चालती, काचा उघड्या की बंद, चढावर लावली होती की सपाटीला.

टाकी पूर्ण भरल्यावर वास येतो आणि पाव टाकी संपली की जातो, असं असेल तर दोष टाकीच्या वरच्या भागात. टाकी कितीही रिकामी असली तरी वास येत असेल तर टाकीचा तळ, बाहेर पडणारी नळी किंवा त्यापुढचं काहीतरी. गरम इंजिन बंद केल्यावर येणारा वास कार्बोरेटरकडे बोट दाखवतो. फक्त वळणावर येत असेल तर फिलर नळी किंवा वाफेची नळी, कारण वळताना पेट्रोल टाकीच्या एका बाजूला चढतं. फक्त चालत्या गाडीत, तेही मागची काच उघडी असताना येत असेल तर तो बहुधा सायलेन्सरमधून निघणारा धूर असतो. आणि फक्त थंडीच्या सकाळी येत असेल तर एखाद्या क्लिपखाली रबर आकसलंय. दुपारी तोच जोड कोरडा दिसतो आणि माणूस चक्रावतो.

नाकावर मात्र फार विसंबू नका. त्याच वासात दहा मिनिटं राहिलं की नाक बधिर होतं. मधूनमधून मोकळ्या हवेत जाऊन या, किंवा दुसऱ्या कोणाला ताज्या नाकाने वास घ्यायला सांगा.

टाकी फुल केली की दोन दिवस डिकीत वास येतो. काय पाहायचं?

चार जागा, याच क्रमाने. पहिलं, झाकणाचं गॅस्केट. कॉर्कचं असेल तर वाळून आकसलेलं असतं, रबराचं असेल तर कडक होऊन त्यावर खोल वर्तुळ उमटलेलं असतं. दुसरं, फिलरचं नळकांडं आणि टाकी यांना जोडणारी जाड रबरी नळी. ती पॅनेलच्या आड असल्याने वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. हात घालून खालच्या बाजूने चाचपा. भेगा बहुतेक वेळा खालीच असतात. तिसरं, वाफेच्या बारीक नळ्या. त्या निसटलेल्या किंवा चिरलेल्या सापडतात, आणि त्या द्रव पेट्रोलच्या नसल्याने ओल न दिसताच वास देतात. चौथं, पेट्रोलच्या काट्याचं टाकीतलं युनिट, म्हणजे सेंडर. त्याखालचं गॅस्केट सुकलं की टाकी भरलेली असताना तिथून पेट्रोल झिरपतं आणि टाकीच्या माथ्यावरच्या धुळीत गडद डाग पडतो.

फोक्सवॅगन बीटलमध्ये टाकी पुढच्या सामानाच्या जागेत असते, म्हणून हाच दोष तिथे डॅशबोर्डमागून केबिनमध्ये वास सोडतो. मूळच्या मिनीत टाकी डिकीतच असते. दोन्ही गाड्यांमध्ये सेंडरचं गॅस्केट आणि फिलरची नळी पाहिल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नये.

सेंडर काढताना टाकी अर्ध्याच्या खाली आणा. फिरवून बसणारी लॉकिंग रिंग असेल तर पितळी किंवा लाकडी दांड्याने ठोका, लोखंडी छिन्नीने नको. नवं गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं घ्या. साधा सिलिकॉन सीलंट इथे फासायचा नाही. पेट्रोलमध्ये तो फुगतो, सुटतो आणि त्याचे तुकडे पुढे फिल्टरमध्ये जातात.

झाकण कसंही चालतं का?

चालत नाही. इंजिन पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. काही गाड्यांमध्ये ती झाकणातल्या छिद्रातून येते, काहींत वेगळ्या नळीतून. छिद्राचं झाकण हवं तिथे बंद झाकण लावलं तर टाकीत निर्वात होतो, गाडी काही किलोमीटरनंतर गचके खाऊन बंद पडते आणि झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा आवाज येतो. उलट केलं, म्हणजे बंद प्रणालीवर छिद्राचं झाकण लावलं, तर कायमचा वास. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांना १९७१ च्या मॉडेलपासून टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात (कोळसा वाफ शोषून धरतो) साठवणं बंधनकारक झालं (कॅलिफोर्नियात वर्षभर आधी), त्यामुळे अशा गाडीवर बंद झाकणच हवं.

कोळशाचा डबा असेल तर त्याच्या नळ्या जागच्या जागी आहेत का ते बघा. मागच्या मालकाने त्या काढून नुसत्या लोंबत सोडलेल्या असणं अगदी नेहमीचं. डबा उचलल्यावर जड लागला किंवा आत पेट्रोल हिंदकळलं तर तो निकामी झाला; टाकी गळ्यापर्यंत भरण्याच्या सवयीने असं होतं. पेट्रोल पंपावर भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबावं.

नळ्या कोरड्या आहेत, भेगाही नाहीत. तरी वास नळीचा असू शकतो का?

असू शकतो, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. जुनं नायट्राइल रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हळूहळू आरपार जाऊ देतं. बाहेर थेंब दिसत नाही, कारण आलेलं पेट्रोल लगेच उडून जातं. तपासायला स्वच्छ कोरडं सुती फडकं नळीवर घट्ट धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा, बाजूला जाऊन फडक्याचा वास घ्या. वास आला तर नळी गेली. प्रत्येक नळीला नवं फडकं.

बाहेरून विणलेलं सुती कापड असलेल्या नळ्या आणखी फसव्या. आतलं रबर फाटलं तरी कापड शाबूत दिसतं. त्यांना वाकवून बघण्यापेक्षा सरळ बदलणं बरं.

नवी नळी कोणती घ्यावी आणि कशी बसवावी?

नळीवर छापलेलं वाचा. एसएई जे३० हे इंधनाच्या नळ्यांचं मानक. त्यातल्या आर६ आणि आर७ या कार्बोरेटरच्या कमी दाबाच्या नळ्या. आर९ मध्ये आतला थर फ्लुओरोइलास्टोमरचा असतो. ती इथेनॉलला टिकते आणि तिच्यातून वाफ कितीतरी कमी झिरपते, म्हणून कार्बोरेटरच्या गाडीतही आम्ही तीच घ्यायला सांगू. टाकीच्या आत बुडणारी नळी असेल तर तिला आर१० लागते, कारण आर९ चं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी नसतं. काहीही न छापलेली नळी घेऊ नये.

माप आतल्या व्यासाचं. धातूच्या ८ मिलिमीटर नळीवर ८ मिलिमीटरचीच रबरी नळी हवी. मोठी नळी क्लिपने आवळून बसवली की घडी पडते आणि त्या घडीतून पाझर सुरू होतो. नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा, साधारण २५ मिलिमीटर आत सरकवा, क्लिप धातूच्या नळीच्या टोकाच्या फुगवट्याच्या मागे बसवा. पट्ट्यात आरपार खाचा असलेली साधी क्लिप आवळताना रबर त्या खाचांत शिरून चिरतं. लहान नळ्यांना कडा वळवलेली, बोल्टने आवळायची क्लिप चांगली. रबर किंचित फुगेपर्यंत आवळा, त्यापुढे नाही. एक दिवसाने पुन्हा तपासा.

धातूच्या नळीचं गंजलेलं किंवा ओरखडलेलं टोक नव्या रबरालाही दाद देत नाही. ते बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासा, लांबीच्या दिशेने नको, कारण लांबीच्या ओरखड्यातून पेट्रोल वाट काढतं. फ्लेअर जोड (धातूच्या नळीचं टोक शंकूसारखं पसरवून केलेला जोड) गळत असेल तर त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नसतो. तिथे आटे नव्हे, शंकूचे पृष्ठभाग सील करतात. ४५ अंशांचा आणि ३७ अंशांचा फ्लेअर एकमेकांत बसलेला दिसतो, पण सील होत नाही. बँजो बोल्टच्या (आतून पेट्रोल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) तांब्याच्या वॉशरी दर वेळी नव्या घाला.

काचेचा दिखाऊ फिल्टर इंजिनवर असेल तर तो काढून टाका. उष्णतेने त्याच्या रिंगा सैल होतात आणि तो नेमका एक्झॉस्टवर ठिबकतो.

इंजिन बंद केल्यावर अर्धा तास वास येतो. हे उकळणं की गळणं?

इंजिन बंद झालं की पंखा आणि हवा थांबते, पण मॅनिफोल्डची (इंजिनात मिश्रण नेणारी आणि धूर बाहेर काढणारी नळकांडी) उष्णता वर चढत राहते. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उडायला लागतात, त्यामुळे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून वाफ बाहेर पडते. हे उकळणं. फरक ओळखायला एअर क्लीनर काढा, इंजिन बंद केल्या केल्या टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. घसा कोरडा, बाहेर ओल नाही, नुसता वास, तर उकळणं. घशातल्या नोझलमधून थेंब पडताना दिसले किंवा मॅनिफोल्डवर डाग पडला, तर फ्लोट चेंबरमधली पातळी चढलेली आहे.

उकळण्यावर उपाय म्हणजे कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकेलाइटचा ६ ते १० मिलिमीटर जाडीचा स्पेसर, मूळचा हीट शील्ड परत जागेवर, आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब. स्पेसर घालण्याआधी बॉनेट मिटतंय का आणि थ्रॉटलचा दुवा पुरतोय का ते मोजा. हीट शील्ड हा जुन्या गाडीतून सगळ्यात आधी हरवणारा भाग, आणि तो परत लावायचा कोणाला सुचत नाही.

फ्लोट चेंबर ओसंडतंय. नेमकं काय बिघडतं?

तीनपैकी एक: नीडल व्हॉल्व्ह (चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप), फ्लोट (पातळी चढली की ती झडप बंद करणारा तरंगता भाग) किंवा पंपाचा दाब.

नीडल आणि तिची सीट यांच्यामध्ये गंजाचा एक कण अडकला तरी पुरतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेंबरला हलकं ठोकल्यावर ओसंडणं थांबलं तर हेच. पण ते तात्पुरतं. कण टाकीतून आलाय आणि आणखी येणार आहेत, म्हणून फिल्टरही बदला. नीडलच्या टोकावर झिजेची गोल खाच दिसली तर नीडल आणि सीट जोडीने बदला, एकटी नीडल नको.

पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खुळखुळलं तर त्याला भोक आहे. आवाज नसेल पण शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतात. डाग (सोल्डर) देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आणि डागाचं वजन वाढलं की पातळी बदलते. नवा फ्लोट घेणं शहाणपणाचं. फ्लोटची उंची त्या कार्बोरेटरच्या पुस्तकात असेल तीच ठेवा.

नीडल आणि फ्लोट ठीक असून ओसंडत असेल तर पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये टी जोड लावून ० ते १५ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) गेज बसवा. एसयू किंवा वेबरसारख्या कार्बोरेटरांना साधारण २ ते ३.५ पीएसआय पुरतो. मोठ्या अमेरिकन कार्बोरेटरांना ५ ते ७ लागतो. नव्या बदली पंपांचा दाब मूळ पंपापेक्षा जास्त निघतो, आणि त्यात मेकॅनिकल पंपाखालचं पॅकिंग पातळ लावलं असेल तर पंपाचा दांडा जास्त आत जाऊन दाब आणखी चढतो. पॅकिंग वाढवून तो खाली आणता येतो. विजेच्या पंपाला प्रेशर रेग्युलेटर लावा.

काही कार्बोरेटरांच्या स्वतःच्या खोडी आहेत. एसयूच्या एचएस मालिकेत फ्लोट चेंबरपासून जेटपर्यंत जाणारी नायलॉनची बारीक नळी आणि तिच्या टोकाचं सील गळतं. झेनिथ-स्ट्रॉम्बर्गमध्ये तळाच्या बुचाची ओ-रिंग. बीटलच्या सोलेक्समध्ये पेट्रोल आत येणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते, ती सैल होऊन निसटते आणि पेट्रोल डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर पडतं. तिथली आग फार वेगाने भडकते. रबरी नळी धरून हळूच हलवा. पितळी नळी फिरली किंवा डुलली तर कार्बोरेटर काढून ती पक्की बसवून घ्या.

विजेचा पंप आहे. त्यावरून गळती कळते का?

एसयू पद्धतीच्या टिकटिक करणाऱ्या पंपावरून उत्तम कळते. इंजिन चालू न करता चावी फिरवा. पंप भराभर टिकटिकतो, कार्बोरेटर भरले की थांबतो. त्यानंतर तो गप्प राहिला पाहिजे. दर काही सेकंदांनी एक टिक येत राहिली तर पेट्रोल कुठेतरी जातंय: नीडलमधून, एखाद्या जोडातून किंवा पंपाच्याच व्हॉल्व्हमधून मागे. पंपापुढची नळी काही क्षण नळी-चिमट्याने दाबा. टिकटिक थांबली तर दोष चिमट्याच्या पुढे. जुनी कडक नळी चिमट्याने चिरते, त्यामुळे हा प्रयोग नव्या नळीवरच.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय आणि ऑइल वाढलंय.

इंजिन चालवू नका. मेकॅनिकल पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरतं. ऑइल पातळ होऊन बेअरिंग घासतात आणि क्रँककेसमध्ये पेटणारी वाफ साचते. पंपाच्या अंगावरच्या बारीक छिद्रातून पेट्रोल येत असेल तर निदान पक्कं. छिद्र कोरडं असेल तर अडकलेला चोक (थंड इंजिनसाठी हवा कमी करणारी झडप) आणि ओसंडणारं कार्बोरेटर तपासा. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलं असेल तर स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवा. तेव्हाही प्लगच्या तारा बाजूला आणि बॅटरी सुटलेली. कारण दूर केल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

चालत्या गाडीत वास, उभ्या गाडीत नाही. का?

चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर डिकीच्या फटींतून आत ओढला जातो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) असेल तर त्या धुरात न जळलेलं पेट्रोल असतं आणि तो पेट्रोलसारखाच वास देतो. डिकीचं रबर, मागच्या दिव्यांची गॅस्केट, गाडीच्या तळपत्र्याची रबरी बुचं आणि फायरवॉलचे (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) ग्रोमेट, म्हणजे तारा जातात तिथल्या रबरी रिंगा, पाहा. डिकीच्या रबरात कागदाची पट्टी धरून झाकण लावा. पट्टी सहज निघाली तिथे फट. मग चोक पूर्ण मागे जातो का आणि मिश्रण बरोबर आहे का ते बघा. हे पुढे ढकलू नका, कारण त्याच धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो.

सगळं पाहिलं, तरी जागा सापडत नाही.

संशयित जागा ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्या. मग टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. पाझर असेल तिथे पावडर गडद होते. पेट्रोलमध्ये घालायचा अतिनील रंगही चालतो, पण तो फिरायला गाडी थोडी चालवावी लागते. ओल न दिसणाऱ्या वाफेसाठी ज्वलनशील वायू ओळखणारा हातातला मीटर घ्या आणि त्याचं टोक प्रत्येक जोडाखाली धरा, वर नाही. मीटर नसेल तर एकेका जोडाला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी फॉइल उघडून वास घ्या. वेळखाऊ आहे, पण फसवत नाही.

टाकीच गळत असेल तर?

टाकी काढून जाणकाराकडे द्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण ती वाफेने भरलेली असते. घरी तिच्यावर डाग (सोल्डर) किंवा वेल्डिंग करायचं नाही. दाबाची तपासणीही बेताने. १ पीएसआय म्हणजे क्षुल्लक वाटतो, पण ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरच्या पत्र्यावर तो सुमारे १७५ किलोचा भार होतो आणि टाकी फुगते. आतून लावायचं सीलर शेवटचा उपाय: गंज पूर्ण निघाला नाही तर ते पापुद्र्यांनी सुटतं, आणि काही जुनी सीलर इथेनॉलमध्ये विरघळतात. तळाला एकाहून जास्त भोकं असतील तर नवी टाकी घ्या.

गळती बंद झाली, तरी केबिनमध्ये वास आहे.

गालिच्याखालचं नमदं पेट्रोल धरून ठेवतं. गालिचा आणि नमदं बाहेर काढून वाऱ्यावर टांगा. नमद्याचा वास आठवड्यात गेला नाही तर ते टाकून द्या. उघड्या पत्र्यावर साबणाचं पाणी, मग दारं उघडी ठेवून वाळवणं. खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा उरलेला वास शोषतो, पण गळती खरंच थांबलीय याची खात्री होईपर्यंत तो ठेवू नका, नाहीतर नवा वास झाकला जातो. पेट्रोलची फडकी गोळा करून डब्यात कोंबू नका; बाहेर, आगीपासून लांब, एकेक पसरून वाळवा.